चार्ली पार्कर ड्रग्जमुळे भारी वाजवायचा म्हणे!

काल रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. सतरा वर्षांचा आहे, दोन वर्षं झाली आल्टो सॅक्सोफोन शिकतोय. कुठून कुठून फिरत आलेली एक लांबलचक पोस्ट आणि खाली एवढंच, "मावशी हे खरंय का गं? आमच्या क्लासच्या ग्रुपवर सगळे जाम भारी म्हणतायत." क्लासच्या ग्रुपवर, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांमध्ये. झोप उडाली माझी.

पोस्टमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगते. चार्ली पार्कर, जॅझमधला सगळ्यात मोठा सॅक्सोफोनवाला. शाळा सोडली. भर मैफिलीत ड्रमरने डोक्यावर झांज फेकून मारली. मग हेरॉइन घेतलं, 'डोकं उघडलं' आणि रियाज-बियाज न करता एका रात्रीत नवं संगीत सुचलं. ज्या दिवशी ड्रग्ज मिळाले नाहीत त्या दिवशी धड वाजवता आलं नाही, हा पुरावा. चौतिसाव्या वर्षी ओव्हरडोसने मेला. प्लास्टिकच्या सॅक्सवरही वाजवायचा. पक्ष्यासारखा मुक्त म्हणून सगळे 'बर्ड' म्हणायचे. आणि शेवटी आगीचे तीन इमोजी टाकून, 'जीनियस लोक असेच असतात'.

शाळेचं खरंय, पंधराव्या वर्षाच्या आसपास सोडली. पुढे.

झांजेचं अर्धं खरं. १९३६ मध्ये कॅन्सस सिटीच्या रीनो क्लबमध्ये हा पोरगा मोठ्या लोकांसोबत वाजवायला उभा राहिला, मध्येच गाडी रुळावरून घसरली, आणि ड्रमर जो जोन्सने झांज काढून त्याच्या पायाशी जमिनीवर आपटली. 'बस कर आता, उतर खाली' हा त्याचा अर्थ. तिथे हजर असलेला बेसवादक जीन रेमी हे सांगून गेलाय. डोक्यावर वगैरे फेकण्याचा मसाला सिनेमावाल्यांचा.

पण खरा संताप रियाजाच्या वाक्याचा येतो. त्या फजितीनंतर पुढच्या उन्हाळ्यात हा मुलगा जॉर्ज ली नावाच्या माणसाच्या बँडबरोबर ओझार्कच्या डोंगरात गेला, जाताना लेस्टर यंग या सॅक्सोफोनवाल्याच्या रेकॉर्ड्स घेऊन गेला आणि त्याचे सोलो सूर न् सूर पाठ करून परत आला. त्या काळाबद्दल १९५४ साली रेडिओवर पॉल डेझमंडने त्याला विचारलं. डेझमंड म्हणजे स्वतः मोठा आल्टोवादक, त्याला वाटत होतं की हे सगळं या माणसाला जन्मतःच येत असणार. पार्कर म्हणाला, तीन-चार वर्षं रोज अकरा ते पंधरा तास वाजवायचो, शेजारी इतके वैतागले होते की आईला घर सोडायला सांगू म्हणायला लागले. रोज अकरा ते पंधरा तास! आमचा भाचा कपाटाचं दार उघडून, कपड्यांच्या गठ्ठ्यात सॅक्सचं तोंड खुपसून वाजवतो कारण वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा बेल वाजवलीय, त्याला तरी ही गोष्ट ओळखीची वाटायला हवी. शिवाय बस्टर स्मिथसारखा गुरू होता, बिडी फ्लीट नावाच्या गिटारवाल्याबरोबर बसून कॉर्ड्स उलगडणं होतं, न्यूयॉर्कमध्ये एका हॉटेलात भांडी घासायचा कारण तिथे आर्ट टेटमसारखा बडा माणूस पियानो वाजवायचा. आणि एवढं नाव झाल्यावर, मरायच्या आदल्या वर्षी, एडगार व्हरेझ या संगीतकाराकडे जाऊन मला शिकवा म्हणून मागे लागला होता. हा यांचा 'रियाज न करणारा'.

आता हेरॉइन. मान्य आहे की तो व्यसनी होता, ते कोणी लपवत नाही. १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये 'को-को' रेकॉर्ड केलं तेव्हाही होता, आणि ते वाजवणं ऐकून आजही माझ्या अंगावर काटा येतो, हेही मान्य. पण सुरुवात कशी झाली? बहुतेक चरित्रकार सांगतात की सोळाव्या वर्षी कार्यक्रमाला जाताना गाडीचा मोठा अपघात झाला, बरगड्या मोडल्या, पाठीला मार बसला, दुखणं थांबवायला मॉर्फिन दिलं आणि तिथून पाय घसरला. दुखण्यातून लागलेलं व्यसन आहे ते. यात डोकं कुठे उघडलं?

आणि तो 'पुरावा'. २९ जुलै १९४६, लॉस एंजेलिस. नेहमीचा माल मिळत नव्हता, त्याऐवजी व्हिस्की ढोसून स्टुडिओत आलेला. 'लव्हर मॅन' ऐका एकदा. पियानोवाला सुरुवात वाजवतो, पार्कर येतच नाही, पियानोवाला बिचारा तेच ओढत राहतो, मग उशिरा सॅक्स येतो, एक तुकडा, मग नुसती हवा, मग अर्धवट दुसरा तुकडा. त्याच रात्री हॉटेलात नुसता पायमोजे घालून फिरला, खोलीला आग लागली, अटक झाली, आणि सहा महिने कॅमरिलोच्या मनोरुग्णालयात काढले. ती रेकॉर्ड कंपनीने बाजारात आणली याचा त्याला कायम राग होता.

पोस्टवाला म्हणतो बघा, ड्रग्जशिवाय वाजवता आलं नाही. अरे बाबा, रोज दारू लागणाऱ्या माणसाचे सकाळी हात थरथरतात आणि घोट पोटात गेला की थांबतात, म्हणून दारूने हात स्थिर होतो असं कोणी म्हणतं का? हात थरथरायला लावला तोच मुळात दारूने! आणि पोस्टवाला सोयीस्करपणे पुढचं सांगत नाही. सहा महिने सक्तीने सगळं बंद, पोटात वेळेवर अन्न, झोप. बाहेर आल्यावर महिन्याभरात त्याने 'रिलॅक्सिन ॲट कॅमरिलो' रेकॉर्ड केलं. साधा ब्लूज आहे पण चाल अशी वाकडीतिकडी पडते की ताल मोजताना आपणच चुकतो, आणि तो मात्र लोण्यातून सुरी फिरवल्यासारखा जातो. ड्रग्जमुळे वाजवायचा म्हणणाऱ्यांनी आधी ही दोन रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ऐकावीत.

ती सुद्धा ऐकायची नसतील तर त्याचंच ऐका. १९४९ च्या सप्टेंबरमध्ये डाऊनबीट या जॅझच्या नियतकालिकात त्याची मोठी मुलाखत आली होती. त्यात त्याने स्वच्छ सांगितलंय की गांजा ओढून, सुई टोचून किंवा दारू पिऊन आपण जास्त चांगलं वाजवतो म्हणणारा वादक सरळसरळ खोटारडा आहे. जास्त झाली की माझी बोटंसुद्धा नीट पडत नाहीत, चांगलं काही सुचणं तर लांबच. आणि नशेच्या त्या दिवसांत मला वाटायचं की मी भारी वाजवतोय, पण आता त्या रेकॉर्ड्स ऐकल्या की कळतं, नव्हतो वाजवत. बोलला तेव्हा तो स्वतः कायमचा सुटला होता असं अजिबात नाही. आत अडकलेला माणूस ओरडून सांगतोय की इकडे येऊ नका, आणि आपण त्याच्याच फोटोवर आगीचे इमोजी लावतोय.

ड्रग्जनी त्याला नक्की काय दिलं ते सांगू? १९४६ मध्ये डायल या रेकॉर्ड कंपनीकडून मिळणाऱ्या रॉयल्टीतला अर्धा हिस्सा त्याने माल पुरवणाऱ्याच्या नावावर लिहून दिला. 'मूस द मूच' हे त्याच्याच एका प्रसिद्ध चालीचं नाव, ते त्या पुरवठादाराचंच टोपणनाव. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवायचं परवानापत्र काढून घेतलं गेलं, म्हणजे ज्या शहरात त्याच्या नावाचा बर्डलँड क्लब होता तिथेच पोट भरायची पंचाईत.

हीच थाप तेव्हाही पसरली होती, म्हणून मला ही पोस्ट जास्त झोंबली. पार्करसारखं वाजवायचं तर पार्करसारखं टोचायला हवं असं कितीतरी पोरांना वाटलं. सनी रोलिन्स या दुसऱ्या मोठ्या सॅक्सोफोनवाल्याचंच बघा. १९५३ मध्ये तो पार्करबरोबर एका रेकॉर्डिंगला होता, आपण सोडलंय असं त्याने पार्करला भासवलं, पार्कर खूश झाला, आणि मग खरं कळल्यावर त्याचा चेहरा जो पडला तो रोलिन्स आयुष्यभर विसरला नाही. केंटकीच्या लेक्सिंग्टनला सरकारी दवाखान्यात जाऊन रोलिन्सने व्यसन सोडलं, पण बरा होऊन पार्करला भेटायच्या आधीच पार्कर गेला होता. रोलिन्सचा गाजलेला अल्बम 'सॅक्सोफोन कोलोसस' १९५६ चा, म्हणजे सोडल्यानंतरचं. पुढे तर हा माणूस सगळं बंद करून विल्यम्सबर्ग पुलावर दोन वर्षं एकटा रियाज करत होता. जॉन कोल्ट्रेन या आणखी एका सॅक्सोफोनवाल्याने १९५७ मध्ये व्यसन सोडलं, त्याचंही ज्यासाठी नाव आहे ते बरंचसं नंतरचं.

ओव्हरडोस? नाही. १२ मार्च १९५५ ला न्यूयॉर्कमध्ये एका मैत्रिणीच्या घरी टीव्ही बघता बघता गेला. न्यूमोनिया, पोटातला रक्तस्राव करणारा अल्सर, यकृत पार खराब. तपासणाऱ्या डॉक्टरने वय पन्नाशीच्या पुढचं असेल असा अंदाज लिहिला. वय होतं चौतीस.

प्लास्टिकच्या सॅक्सचं खरंय, १९५३ च्या टोरांटोच्या कार्यक्रमात ग्राफ्टन कंपनीचा पांढरा प्लास्टिकचा सॅक्स घेऊन वाजवला. बाकी स्वतःचे सॅक्स तो अनेकदा गहाण टाकायचा. कशासाठी ते पोस्टवाल्यालाच विचारा.

राहिलं नाव. बँडमालक जे मॅकशॅन सांगायचा की प्रवासात त्यांच्या गाडीखाली एक कोंबडी आली. गावठी बोलीत तिला तिकडे यार्डबर्ड म्हणतात. पार्करने गाडी मागे घ्यायला लावली आणि ती उचलून आणली. यार्डबर्डचं झालं बर्ड.

हे सगळं मी रात्री दीड वाजेपर्यंत टाइप करून भाच्याला पाठवलं. सकाळी उत्तर आलं, "मावशी ती मेलेली कोंबडी खाल्ली त्यांनी??"

हो रे. मुक्कामाला पोचल्यावर शिजवून घेतली म्हणे.