निर्यातदार होऊ घातलेल्यांसाठी

काटोल, वरुड किंवा मोर्शीकडे तुमची संत्र्याची बाग असेल आणि यंदा अंबिया बहार बरा आला असेल, तर माल कळमन्याच्या बाजारात नेऊन अडत्याच्या तोंडाकडे बघत बसू नका. निर्यात करा. नागपुरात कुणी ना कुणी मंचावरून हे सांगतच असतं, मीही सांगतो. मंचावरच्या पाहुण्यांना पुढचं सांगायच्या आत विमान गाठायचं असतं. मला वेळ आहे.

सुरुवात फवारणीपासून. पानांवर काळी कोळशी दिसली की कृषी केंद्रात जा. काउंटरवरचा पोरगा पान न बघताच सांगेल, "हे मारा भाऊ, चार दिवसांत साफ होते." कोणतं रसायन, किती मात्रा, फवारल्यावर किती दिवस फळ तोडायचं नाही, असले प्रश्न विचारून त्याचा अपमान करू नका. ते सगळं डब्यावर छापलेलं असतं, इतक्या बारीक अक्षरात की छापणाऱ्यालाही ते कुणी वाचावं असं वाटत नसावं.

आता क्लोरपायरिफॉस हे कीडनाशक घ्या. आपल्या वडिलांनी मारलं, आपणही मारत आलो. युरोपने मात्र २०२० मध्ये त्याची मान्यता काढून घेतली आणि फळात उरणाऱ्या अंशाची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे १०० टन संत्र्यांत एक ग्रॅम. दहा ट्रक माल आणि त्यात एक चिमूट. हा आकडा मुलांच्या पाढ्यांत घालून टाका, कारण ज्या रसायनाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला युरोपात २००८ पासून सरसकट हीच लागते. तेवढ्या अंशाने माणसाला खरंच काही होतं का, हा प्रश्न तिथे गौण आहे. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना विचारा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडपायी त्यांचे कंटेनर युरोपात अडकले. ते कीडनाशकसुद्धा नव्हे, वेलीची वाढ रोखणारं संजीवक. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. पेपरात न आलेल्या प्रश्नाला नापास होण्याचा मान त्यांना मिळाला.

तुम्ही म्हणाल, जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागू. अवश्य मागा. अन्नसुरक्षेच्या अटी विज्ञानाला धरून असाव्यात, व्यापार अडवायला वापरू नयेत, असा करार १९९५ पासून लागू आहे. २००१ मध्ये जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी हिशोबही मांडला होता. धान्य, सुकी फळं आणि दाण्यांतल्या अफ्लाटॉक्सिनवर, म्हणजे बुरशीच्या विषावर, युरोपने घातलेल्या कडक मर्यादेपायी आफ्रिकेची निर्यात सुमारे ६७ कोटी डॉलरने घटेल, आणि त्या बदल्यात अब्ज माणसांमागे वर्षाला दीड-एक जीव वाचेल. हिशोब छापून आला, मर्यादा आपल्या जागी राहिली. आपणही फार सोवळे नाही म्हणा. बर्ड फ्लूचं कारण सांगून अमेरिकेची कोंबडी आपण अडवली होती. ते प्रकरण २०१५ मध्ये अपिलातही हरलो. तेव्हा विज्ञान त्यांच्या बाजूचं निघालं.

खरी मजा तिळात आहे. भारतीय तिळात साल्मोनेला जिवाणू सापडतात म्हणून युरोपने तपासणी कडक केली. जिवाणू मारायचे म्हणून तिळाला इथिलीन ऑक्साइडची धुरी मिळाली. जिवाणू मेले. मग २०२० मध्ये युरोपला त्याच तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं आणि माल दुकानांच्या फळीवरून उतरवावा लागला. तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. अमेरिकेत हीच धुरी चालते, तिळाला आणि मसाल्याला ७ मिलिग्रॅमपर्यंत सूट. म्हणजे एकच पोतं न्यूयॉर्कला उतरलं तर अन्न, रॉटरडॅमला उतरलं तर विष. तेव्हा माल भरताना जहाज कुठे चाललंय हे विचारायला विसरू नका. जमल्यास तिळालाही सांगून ठेवा.

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने याच कारणासाठी आपले नामांकित मसाले अडवले, तेव्हा देशाची मान खाली जाते की काय अशी भीती होती. गेली नाही. भारतात नोंदणीच नसलेल्या कीडनाशकांच्या अंशासाठी मसाल्यांतली सरसकट मर्यादा त्याच महिन्यात आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ०.०१ वरून ०.१ केली होती. दसपट. आणि मे महिन्यात, आपले निकष जगातल्या सर्वांत कडक निकषांपैकी आहेत, असंही सांगून टाकलं. उंच उडीत पोरगं पडत असेल तर दांडी खाली घ्यावी, ही युक्ती युरोपला अजून सुचलेली नाही.

त्यामुळे बागेचे दोन भाग करा. निर्यातीच्या झाडांसाठी नोंदवही, हातमोजे, प्रयोगशाळेचा अहवाल, तोडणीआधी मोजून दिवस. उरलेल्या झाडांना नेहमीचं मारा, ती फळं बर्डीच्या बाजारात आणि शेजाऱ्यांच्या पोरांच्या डब्यात जाणार आहेत. आपल्या लोकांना सवय आहे.

फवारणाऱ्याची काळजी करू नका. फळात किती राहिलं याला आकडा आहे, त्याच्या छातीत किती गेलं हे कुठलंच बंदर तपासत नाही. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कापूस कुणी खात नाही, त्यामुळे मालाला त्रास झाला नाही. आणि स्वतःच्या शेतात बंदी असलेली कित्येक औषधं युरोपातच बनतात आणि बाहेर विकली जातात. त्यांना विकायला ०.०१ आडवं येत नाही.

या सगळ्याला कंटाळलात तर बांगलादेश आहेच. नागपुरी संत्र्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक, सालपट सैल आणि बिया जास्त म्हणून नाक न मुरडणारं. तिथे अडवायला प्रयोगशाळा लागली नाही. आयात शुल्क वाढवत नेलं आणि २०२३ मध्ये किलोला ८८ रुपयांवर नेऊन ठेवलं. मला विचाराल तर युरोपपेक्षा हे कठीण. मानकाचा निदान अभ्यास करून पास होता येतं.

एवढं करूनही निर्यात जमली नाही, तर खाणारे तरी व्हा. संक्रांतीच्या आधी इतवारीत जाऊन तीळ मागा आणि जरा ऐटीत विचारा, "एक्स्पोर्टचा आहे का?"

"एक्स्पोर्टचाच आहे काका, परवाच वापस आला."