खुलासा: गरम पाण्याने मधुमेहाची जखम भरत नाही
‘पायाची जखम रोज गरम मिठाच्या पाण्यात बुडवा, दुखत नसेल तर डॉक्टरांची गरज नाही,’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या, आणि दुसरी जास्त घातक. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. चपलेतला खडा टोचतो, पाण्याने कातडी भाजते, तरी कळत नाही. म्हणजे न दुखणं हेच धोक्याचं लक्षण! मधुमेहामुळे पाय कापावा लागतो तेव्हा सुमारे ८५ टक्के वेळा आधी अशीच जखम झालेली असते. मोज्यावर ओला डाग किंवा भोवरीखाली काळपटपणा दिसला, तर लगेच दाखवा. मेलेली कातडी काढणं, रक्तपुरवठा तपासणं ही कामं घरची नव्हेत. आणि कृपा करून भोवरी ब्लेडने कापू नका.