बर्फनळीचे चित्रीकरण
आपण प्रसिद्ध केलेल्या लेखात ब्रिनिकलचे, म्हणजे समुद्रबर्फाखाली लोंबत वाढणाऱ्या पोकळ बर्फनळीचे, वर्णन उत्तम आहे. परंतु चित्रीकरणामागील कष्टांना एकच ओळ मिळाली, याची खंत वाटते. पाणी गोठताना बाहेर पडणारे खारट द्रावण उणे १.९ अंश सेल्सिअसहूनही थंड व जड असल्याने खाली उतरते आणि भोवतालचे पाणी गोठवत तळावरील तारामाशांनाही बर्फात जखडते. नळीची ही वाढ काही तास चालते, म्हणून बीबीसीसाठी ह्यू मिलर आणि डग अँडरसन यांनी अंटार्क्टिकात टाइम-लॅप्स (ठरावीक अंतराने छायाचित्रे टिपणारे) कॅमेरे पाण्याखाली रोवले व २०११ मध्ये हे दृश्य जगाने पाहिले. दादरच्या गढूळ समुद्राकाठी राहणाऱ्या मला तेथील पाण्याची पारदर्शकता विलक्षण वाटते; मात्र कॅमेरा लावण्यासाठी माणसालाच त्या थंडीत उतरावे लागते, याविषयी कृपया सविस्तर लिहावे.