सल्ल्याला किती हात लागतात?

बाळ अकरा दिवसांचे असताना आईने जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात तव्यावर ओवा भाजायला घेतला. ओव्याच्या पुरचुंडीने मला आणि बाळाला शेक द्यायचा, एवढाच साधा बेत होता. परंतु स्वयंपाकघराचे दार उघडे राहिले, धूर झोपण्याच्या खोलीत शिरला आणि छतावरचा धुराचा भोंगा असा काही कोकलू लागला की वरच्या मजल्यावरचे आजोबा अंगावर झगा टाकून जिन्यात येऊन उभे राहिले. या राज्यात झोपण्याच्या खोलीत, मुलांच्या खोलीत आणि बाहेर पडायच्या बोळात असा भोंगा बसवणे कायद्याने सक्तीचे आहे, आणि ओवा व आग यांतला फरक त्याला कळत नाही. आई स्टुलावर चढून पंच्याने भोंग्याला वारा घालत होती, नवरा आजोबांना जर्मन भाषेत ओवा म्हणजे काय हे समजावत होता, मी बाळाला घेऊन गॅलरीत उभी होते, आणि तेवढ्यात तव्यावरचा ओवा खरोखरच जळला. एका शेकासाठी तीन मोठी माणसे, म्हणजे सहा हात, आणि तेही पुरले नाहीत.

हे आठवण्याचे कारण म्हणजे गेल्या महिन्यात माहेरच्या व्हॉट्सॲप गटावर रंगलेला वाद. एका मावशींनी लिहिले की आमच्या वेळी घरोघरी चार-चार मुले वाढली आणि त्यासाठी कोणाला पुस्तके वाचावी लागली नाहीत. त्यावर वाकडला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने, जिची मुलगी दीड वर्षाची आहे, ‘तुमच्या वेळी घरात नऊ माणसे होती’ असे उत्तर दिले. मग गुटी, मुलाला वेगळे झोपवणे, हाताने भरवणे, जेवताना मोबाईल आणि पाळणाघर असे एकेक विषय निघत गेले, आणि रात्री अकराच्या सुमाराला दोन्ही बाजूंनी माझी साक्ष काढली. मावशींच्या मते परदेशात राहून मी आपले सगळे विसरले असणार. बहिणीच्या मते येथे सगळे शास्त्रशुद्ध असणार आणि म्हणून मी तिच्या बाजूने बोलायला हवे. साक्ष द्यायची तर मला वेगळेच सांगायचे आहे. जुने विरुद्ध नवे, किंवा आपले विरुद्ध परदेशी, अशी ही भांडणे मांडली जातात. प्रत्येक सल्ल्याने घरात किती मोकळे हात गृहीत धरले आहेत, हे मात्र कोणी सांगत नाही. पाककृतीच्या शेजारी ‘चार जणांसाठी’ असे छापलेले असते, तसे प्रत्येक सल्ल्याशेजारी ‘चार हातांसाठी’ असे लिहिणे सक्तीचे केले, तर निम्मे वाद जागीच मिटतील, असे माझे प्रामाणिक मत झाले आहे.

गुटीचेच पाहा. आईने तेवीस किलोंच्या बॅगेत दीड किलोची सहाण आणली होती. हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, मायफळ, अतिविष, हळकुंड, सुंठ, जायफळ, खारीक, बदाम हे सगळे एका फडक्यात बांधून आलेले, आणि कशाचे किती वेढे द्यायचे ते आईच्या बोटांत बसलेले. हळकुंडाचा एक वेढा, बदामाचे तीन, जायफळाचा मात्र अर्धाच, कारण बाळ फार झोपते. सहाणीवर ती उगाळत बसली की घरात माजघराचा वास येई. आमच्या हेबामेने, म्हणजे येथील परवानाधारक सुईणीने, तो प्रकार शांतपणे पाहिला, प्रत्येक काडी हातात घेऊन हुंगली आणि एवढेच विचारले की यात मध घालता का. मधात एका जिवाणूचे बीज असू शकते, ते एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करते, म्हणून वर्षाच्या आत मध अजिबात नको. आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको, ड जीवनसत्त्व तेवढे रोज द्यायचे. आईला हा परक्या देशाचा अडाणीपणा वाटला. तिने त्याच रात्री पुण्यातल्या आमच्या जुन्या बालरोगतज्ज्ञांना फोन लावला, आणि त्यांनी शब्दशः तेच सांगितले. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, हा तर जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे. म्हणजे हा वाद पुणे विरुद्ध स्टुटगार्ट असा नव्हताच. तो पुण्यातल्या पुण्यातच आजी विरुद्ध डॉक्टर असा कित्येक वर्षे चालू आहे. गुटी बंद झाली. तरीही गुटीच्या निमित्ताने रोज सकाळी पाऊण तास एक जाणते माणूस बाळाला मांडीवर घेऊन बसत होते आणि त्या वेळात मी अंघोळ करून गरम काही खात होते, हा गुटीचा खरा गुण, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. तो गुण सहा हात असलेल्या घराचा आहे, वेखंडाचा नव्हे.

येथे ते हात काही प्रमाणात सरकारी विम्यातून येतात. बाळंतपणानंतर पहिले दहा दिवस हेबामे रोज घरी येऊ शकते आणि पुढे बारा आठवड्यांपर्यंत तिच्या भेटींचा खर्च विमा उचलतो. आमच्या हेबामेने पहिल्या दिवशी पिशवीतून एक कापडी झोळी आणि स्प्रिंगचा काटा काढला, बाळाला झोळीत घातले आणि काट्याला लटकवून उचलले, तेव्हा आई मला मराठीत म्हणाली, ‘रद्दीच्या भावाने नेते की काय ही?’ पण ही बाई टाके तपासत असे, दूध नीट ओढले जाते का हे बघत असे, आणि एकदा मी विनाकारण रडत असताना काही न बोलता भांडी घासून गेली. आईला तेव्हापासून ती आवडू लागली. योगायोग असा की आईच्या शेंगेन व्हिसाचे 90 दिवस आणि हेबामेचे बारा आठवडे साधारण एकाच वेळी संपले. त्या आठवड्यात घरात आम्ही दोघेच उरलो आणि हातांचा हिशेब मला पहिल्यांदा नीट कळला.

पुण्यात हे झाले असते तर मालिशवाल्या मावशी आल्या असत्या, असे मी तेव्हा हळहळून म्हणत असे. माझ्या भाचीच्या वेळी त्या यायच्या. बाळाला पायांवर घेऊन तेल जिरवायच्या, टाळू भरायच्या, न्हाऊ घालून दुपट्यात असे गच्च गुंडाळायच्या की बाळ तीन तास हलत नसे. त्यांचे स्वतःचे धाकटे मूल त्या वेळी कोणाजवळ असे, हे मी त्यांना कधीही विचारले नाही. सहा-सात वर्षांची मोठी मुलगी त्याला सांभाळत असे, हे पुढे सहज बोलण्यात कळले. 2017 च्या दुरुस्तीने आपल्याकडे पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली; कायदा म्हणून तो अनेक श्रीमंत देशांपेक्षा उदार आहे. पण चार घरी मालिश करणाऱ्या बाईला तो शिवतही नाही. आपल्याकडे हात पुष्कळ असतात असे आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा त्यांतले काही दुसऱ्या मुलाच्या वाट्याचे असतात, हे बहुधा परदेशात येऊन स्वतःची फरशी स्वतः पुसायला लागल्यावरच सुचते.

उलट दिशेने जाणाऱ्या सल्ल्यांचीही तीच गत आहे. ‘मुलाला संध्याकाळी सात वाजता झोपवा’ हा सल्ला सध्या फोनच्या पडद्यावरून मराठी आयांपर्यंत जोरात पोचतो आहे, आणि माझ्या मामेबहिणीला तो जमत नाही म्हणून ती स्वतःला दोष देते. आमच्या इमारतीत सात वाजता खरोखरच सामसूम होते. परंतु त्यासाठी साडेपाचला जेवण लागते, त्यासाठी आईबाबांपैकी एकाने चार वाजता घरी असावे लागते, आणि येथे ते पुष्कळ घरांत असते. हिंजवडीहून सुटलेला बाप सात वाजता वाकडच्या पुलाच्या अलीकडे मोटारींच्या रांगेत असतो. त्याची मुलगी सातला झोपली तर तिला बाबा शनिवारीच दिसणार. ती दहापर्यंत जागी राहते ती शिस्त नाही म्हणून नव्हे, तर कोणाची तरी वाट पाहायची असते म्हणून. तिला दुपारी भरपूर झोपू द्यावे आणि रात्री खुशाल बाबाच्या पाठीवर घोडा घोडा करू द्यावे, असे मी बहिणीला सांगितले. पुस्तकात ते नाही, हे मला ठाऊक आहे.

भरवण्याबद्दल मात्र मी मावशींच्या विरोधात गेले आहे. ‘एक घास काऊचा, एक घास चिऊचा’ करत मुलामागे वाटी घेऊन तासभर फिरणे मलाही गोड वाटायचे. येथील पाळणाघरात वर्षा-दीड वर्षाची मुले टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने बटाटा चिवडतात, निम्मा खाली सांडतात आणि वीस मिनिटांत उठतात. उरलेले कोणी भरवत नाही. पहिले आठ दिवस मला ही क्रूरता वाटली. नंतर लक्षात आले की एक बाई पाच मुलांना जेवायला बसवते तेव्हा दुसरे काही शक्यच नाही, आणि हातांच्या टंचाईतून आलेली ही रीत मुलांना मानवते. माझी मुलगी वरणभात आता पाचही बोटांनी, कोपरापर्यंत माखून, पण स्वतः खाते. डब्यात एकदा मी शिरा दिला, तर तो ‘गोड पदार्थ नकोत’ अशा चिठ्ठीसह न उघडता परत आला. शिऱ्याचा हा अपमान मी अजून विसरलेले नाही.

काऊवरून आठवले. जर्मन भाषेत मुलांकडे दुर्लक्ष करणाऱ्या, आणि विशेषतः मूल लहान असताना कामावर जाणाऱ्या बाईला ‘राबेनमुटर’ म्हणतात, म्हणजे डोमकावळीण आई. हे कावळे आपली पिल्ले लवकरच घरट्याबाहेर ढकलतात अशी जुनी समजूत आहे. पूर्वीच्या पूर्व जर्मनीत पाळणाघरे सार्वत्रिक होती, त्यामुळे तिकडच्या मैत्रिणींना हा शब्द फारसा बोचत नाही. आमच्या या नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात मात्र मूल वर्षाचे होताच कामावर परतलेल्या बाईकडे अजूनही एखादी शेजारीण ज्या नजरेने पाहते, ती नजर मी सदाशिव पेठेत पाहिलेली आहे. एक वर्षाच्या पुढील प्रत्येक मुलाला पाळणाघरातील जागेचा कायदेशीर हक्क 1 ऑगस्ट 2013 पासून आहे, तरी आम्हाला जागा मिळाली ती मुलगी बावीस महिन्यांची झाल्यावर. तेव्हा येथे सगळे सुरळीत आहे असे मानणाऱ्या बहिणीचेही मी समाधान करू शकत नाही.

तरीही एक गोष्ट येथून उचलण्यासारखी आहे, आणि ती कोणत्याही युक्तीपेक्षा मोलाची आहे. 2007 पासून येथे पालकभत्त्याची अशी रचना आहे की निव्वळ उत्पन्नाच्या साधारण 65 टक्के रक्कम बारा महिने मिळते, आणि दुसऱ्या पालकानेही किमान दोन महिने घेतले तर आणखी दोन महिने वाढतात; बाप घरी बसला नाही तर ते बुडतात. बुडणारे पैसे पाहून भलेभले बाप घरी बसले. पाळणाघरात मूल रुळवण्याच्या काळात पहिले तीन दिवस पालकाने त्याच खोलीत बसून राहायचे असते आणि चौथ्या दिवशी थोडा वेळ बाहेर जाऊन पाहायचे असते. आमच्याकडे हे काम नवऱ्याने केले. सहा फुटी माणूस फूटभर उंचीच्या खुर्चीवर, गुडघे कानांशी घेऊन, तीन आठवडे बसला. त्यानंतर मुलगी कशाने रडते, कोणती टोपी चालत नाही, औषध कोणत्या चमच्याने घेते, हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक झाले आणि ‘तिला काय झाले ते विचार ना आईला’ हे वाक्य आमच्या घरातून गेले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्वरजा आहे. पंधरा दिवसांत बारसेही धड होत नाही.

दुसरे म्हणजे पाळणाघराच्या काकू. येथे त्यांना ‘टागेसमुटर’, म्हणजे दिवसाची आई, म्हणतात. घरीच मुले सांभाळायची, पण त्यासाठी बालकल्याण कार्यालयाचा परवाना लागतो, प्रशिक्षण घ्यावे लागते आणि एका वेळी पाचपेक्षा जास्त मुले ठेवता येत नाहीत. तिच्या मानधनातला मोठा वाटा नगरपालिका देते. आपल्या काकू मायेत कुठेही कमी नाहीत. त्यांना असा परवाना, पाचांची मर्यादा आणि पालिकेचा पैसा द्या, मग ‘आजी की पाळणाघर’ हा प्रश्न इतका तापणार नाही.

बहिणीने शेवटी वैतागून म्हटले की तत्त्वज्ञान पुरे, कामाच्या युक्त्या सांग. मी माझ्या पद्धतीने, हातांसकट, लिहून पाठवल्या. बागेतून निघताना ‘पाच मिनिटांत निघू’ म्हणू नये, ‘आणखी तीन घसरगुंड्या’ म्हणावे, कारण लहान मुलाला मिनिट कळत नाही, पण तीन कळतात. हात शून्य, चौथ्या घसरगुंडीला मात्र दोन. नखे गाढ झोपेत कापावीत. हात तीन, तिसरा विजेरी धरायला. येथे मुलांना रबरी चिखलविजार घालतात, ती काढताना गमबुटांसकट खाली सोडून तशीच उभी ठेवावी, म्हणजे उद्या मूल सरळ तिच्यात उतरते, अग्निशमन दलाचे जवान उतरतात तसे. हात एक, आणि आपल्या पावसाळ्यात ‘चिखलात जाऊ नकोस’ म्हणण्याचे श्रम वाचतील ते वेगळे. मोबाईल न दाखवता जेवू घालणे. हात चार, दोन भरवायला किंवा सांडलेले पुसायला, आणि दोन त्या वेळात कुकर लावायला. शेवटी मी विचारले की तुझ्या घरात संध्याकाळी मोकळे हात किती असतात.

दोन मिनिटांत उत्तर आले. ‘सहा. त्यांपैकी चारांत मोबाईल आहे, आणि तेच मला सांगतात की पोरीला मोबाईल दाखवू नकोस.’