चिपाओ पाच हजार वर्षांचा नाही, आणि पावडर फक्त बायकांची नव्हती

सध्या एक मजकूर सगळीकडे पुढे पाठवला जातोय: चिपाओ हा चीनचा पाच हजार वर्षांचा पोशाख, हानफू (हान म्हणजे बहुसंख्य चिनी लोकांचा पारंपरिक वेश) ही जपानी किमोनोची नक्कल, आणि चिनी पावडर म्हणजे बायका तोंडाला लावत ते शिसं.

चिपाओचं आधी. उंच गळपट्टीचा, दोन्ही बाजूंना चिरा असलेला हा झगा 1920च्या दशकात शांघायमध्ये घडला. 1645मध्ये ईशान्येकडून आलेल्या मांचू लोकांच्या छिंग राजवटीने हान पुरुषांवर मांचू पद्धतीची वेणी सक्तीची केली आणि त्यांचा वेशही बदलायला लावला. हान बायका मात्र वर डगला, खाली घेरदार घागरा असाच वेश करत राहिल्या; म्हणजे एकसंध झगा तेव्हाही त्यांचा वेश नव्हता.

हानफू किमोनोवरून आलेला नाही, उलटंच घडलं. चीनमधल्या छांगशा शहराजवळच्या मावांगतुई इथल्या थडग्यात 1972मध्ये 128 सेंटीमीटर लांबीचा आणि फक्त 49 ग्रॅम वजनाचा तलम रेशमी झगा सापडला; थडगं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं आहे. जपानी दरबाराने थांग राजवटीतल्या (सातवं ते दहावं शतक) चीनच्या रीतीप्रमाणे अंगरख्याची डावी बाजू उजवीवर घेण्याचा हुकूम काढला तो 719मध्ये. घालताना लोक चुकतात तेही इथेच. घालणाऱ्याची डावी बाजू वर हवी, म्हणजे समोरच्याला गळ्याची वरची कड आपल्या उजवीकडून डावीकडे उतरताना दिसते. उलट घेतलं तर तो मृताचा वेश होतो. फोटोवरून कुणाला चूक दाखवण्याआधी सेल्फी उलटी आलेली नाही ना, ते बघा.

पावडर फक्त बायकांची, हे तर साफ खोटं. हान राजघराण्यातल्या सम्राट हुईच्या काळात (इसवी सनापूर्वी दुसरं शतक) दरबारातले पुरुष अधिकारी पावडर-लाली लावत, अशी नोंद हान घराण्याच्या इतिहासातच आहे. थांग काळात हिवाळी सणाला सम्राट अधिकाऱ्यांना ओठांचं आणि चेहऱ्याचं मलम भेट देत असे.

शिशाची पावडर होती, हे खरं. पण तांदूळ-राळ्यासारख्या धान्याचीही होती, आणि तिची कृती जिआ सशिए यांच्या सहाव्या शतकातल्या शेतीग्रंथात तपशिलाने दिली आहे. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढणाऱ्यांना ती लगेच कळेल. धान्य पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं, मग थंड पाण्यात भिजत ठेवायचं: उन्हाळ्यात 20 दिवस, वसंत-शरदात महिनाभर, हिवाळ्यात 60 दिवस. पाणी बदलायचं नाही. कुजका वास यायलाच हवा; दिवस कमी पडले तर पावडर खरखरीत होते. मग आंबूस वास जाईपर्यंत धुवायचं, वाटायचं, रेशमी पिशवीतून गाळायचं. दाट चीक एकाच दिशेने तीनशेहून जास्त वेळा ढवळायचा. निवळ काढून टाकली की वर तीन पदरी कापड, त्यावर कोंडा, त्यावर राख. ओली झालेली राख बदलत राहायची. कडेचा निस्तेज भाग वेगळा काढायचा. मधला गुळगुळीत, चकचकीत गोळा हीच उत्तम पावडर.

मग शिसं कशाला? नुसती धान्याची पावडर चेहऱ्यावर टिकत नाही. म्हणून जांभळ्या पावडरीत तीन भाग धान्याच्या पावडरीला एक भाग शिशाची पावडर घालत. रंग मायाळूच्या फळांचा: फळं वाफवून, कापडातून रस पिळून पावडरीत कालवायचा आणि उन्हात वाळवायचं. फिका आला तर पुन्हा रस काढून दुसरा हात द्यायचा.