तांदळावर लिहिलेलं नाव

परवा मावसबहिणीचा फोन आला. भाचीचं लग्न ठरलंय, मुलगा जर्मनीत म्युनिकला असतो. साखरपुड्याची तारीख, हॉल, साड्या असं सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आणि नाव काय ठेवायचं ते तिकडच्यांनी विचारलंय, तू सुचव ना एखादं." मी लगेच म्हणाले, "ताई, नाव बदलू नका. बाकी काय हवं ते करा." तिला ते जरा लागलं. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. तिच्यासाठी आणि ज्यांच्या मुली लग्न होऊन परदेशी निघाल्या आहेत त्या सगळ्यांसाठी.

माझं लग्न २०१७ च्या डिसेंबरात झालं. नवरा श्टुटगार्टला. गृहप्रवेशानंतर ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले. नाव सासूबाईंनी निवडलं होतं, त्यांच्या आईचं. त्यामागची माया मला तेव्हाही कळत होती, आजही कळते.

पण चार दिवसांनी ग्रामपंचायतीत लग्नाच्या नोंदणीचा नमुना ड भरताना घरातल्या मोठ्यांनी बायकोच्या रकान्यात तेच नाव घातलं. तीन साक्षीदार, भटजींची सही, सगळं रीतसर. आणि पासपोर्टवर, दहावीच्या दाखल्यावर, डिग्रीवर माझं जन्मापासूनचं नाव. म्हणजे कागदोपत्री माझ्या नवऱ्याचं लग्न भलत्याच बाईशी झालं होतं.

व्हिसाच्या खिडकीपाशी ते लक्षात आलं. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "या प्रमाणपत्रातली व्यक्ती आणि पासपोर्टमधली व्यक्ती एकच, हे कशावरून?" मी लग्नाचे फोटो पुढे केले. फोटोवर नाव नसतं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. कुटुंब एकत्र आणण्याचा व्हिसा नात्यावर मिळतो आणि नातं सिद्ध करणारा मुख्य कागद तोच. मग ॲफिडेव्हिट, नोंद दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा साक्षीदारांच्या सह्या. त्यातले एक काका मधल्या काळात वारले होते. पाच महिने गेले. नवऱ्याने तिकडे दोघांसाठी घर भाड्याने घेऊन ठेवलं होतं, आणि मी कऱ्हाडला माहेरी बसून व्हिडिओ कॉलवर त्या घराचे पडदे बघत होते.

त्याच दरम्यान ए-वनची, म्हणजे जर्मन भाषेच्या पहिल्या पायरीची, परीक्षा दिली. २००७ पासून जर्मनीने जोडीदाराला येण्याआधी प्राथमिक जर्मन यायला हवं अशी अट घातलीय. ब्लू कार्डवाल्यांच्या (उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना) बायकांना तेव्हाही सूट होती, आमच्याकडे ब्लू कार्ड नव्हतं. (३१ डिसेंबर २०२२ पासून इतर कुशल कामगारांच्या जोडीदारांनाही सूट मिळालीय. नवरा किंवा बायको जर्मन नागरिक असेल तर मात्र साधारणपणे परीक्षा आजही द्यावी लागते. भाचीच्या बाबतीत काय लागू होतं ते मुलाच्या परवान्याचा प्रकार विचारून आधीच ठरवा.) पुण्याला क्लाससाठी पहाटेची एसटी, शंभरपैकी साठ गुण हवेत. तोंडी परीक्षेत आधी स्वतःची ओळख करून द्यायची: नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, काम, छंद. मग परीक्षक म्हणतात, अक्षरं सांगा. इंग्रजीतल्या 'ए'ला जर्मनमध्ये 'आ' म्हणतात, 'ई'ला 'ए' आणि 'आय'ला 'ई'. मी आठवडाभर घरात फिरत माझं नाव आणि आडनाव एकेक अक्षर करून घोकलं होतं. त्या खोलीत ते एकदाही न अडखळता म्हटलं, आणि बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव माझ्याच तोंडून पूर्ण ऐकून घेतलं होतं.

ताई, लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा आपल्याकडे नाही. पासपोर्टलाही नाही. रीत आहे, आणि रीत घरात पाळता येते. सासूबाई मला त्यांनी ठेवलेल्या नावानेच हाक मारतात, मी आनंदाने ओ देते. पण कागद हा हाक मारायचा प्रकार नाही. मुलीने वीस-बावीस वर्षं शिकून जे काही मिळवलंय ते एका नावावर जमा आहे. ते नाव एका दुपारी ताटातल्या तांदळात पुसायचं, आणि नंतर ती नोकरी शोधायला लागली की डिग्रीवरची बाई मीच आहे हे तिने दारोदार पटवत बसायचं, हे मला मान्य नाही. जर्मनीत या व्हिसावर येणाऱ्या जोडीदाराला नोकरी करायची मुभा असते, परवान्यावर तसं लिहून मिळतं. म्हणजे डिग्री लागणारच. मुलाकडून कधी कुणी विचारतं का, की जावयाचं नाव काय ठेवायचं?

तेव्हा एवढं करा. लग्न झाल्यावर त्याच आठवड्यात नोंदणी करा, 'मग बघू' नको. नमुना ड तिने स्वतः भरावा, पासपोर्ट शेजारी उघडा ठेवून, अक्षर न् अक्षर जुळवून. साक्षीदार निदान दोन तरुण घ्या. मराठी प्रमाणपत्राचं भाषांतर झालं की स्पेलिंग तिनेच तपासावं, कारण आपल्या आडनावातला एखादा 'ए' जास्त पडला तरी पुढे तोच चिकटून राहतो.

इथे इमारतींवर फ्लॅट नंबर क्वचितच दिसतात. बेलवर आणि टपालपेटीवर आडनावं असतात, पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. मी पोचले त्या संध्याकाळी नवऱ्याने पेटीवर एक नवी पट्टी लावून ठेवली होती. त्याच्या आडनावाखाली माझं, माहेरचं. दोन आठवड्यांनी त्या पेटीत माझं पहिलं पत्र पडलं.