बेळगाव जिल्ह्याचे विभाजन: एका निनावी प्रतिक्रियेला उत्तर

स.न.वि.वि.

बेळगाव जिल्ह्याचं विभाजन महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाच्या निकालाआधी नको, असं मी लिहिलं. त्यावर आपली सविस्तर प्रतिक्रिया आली. आपलं म्हणणं असं: चिकोडी आणि गोकाक वेगळे जिल्हे झाले तर अथणीच्या माणसाची शंभराहून जास्त किलोमीटरची खेप वाचेल, निपाणीकर आजही प्रांत कचेरीसाठी चिकोडीलाच जातात, आणि जिल्ह्याची हद्द बदलली म्हणून राज्याची बदलत नाही. इथवर वाचताना मला काही वाटलं नाही. पण शेवटी आपण लिहिलंत, ‘पुण्यात बसून सीमाभागासाठी गळा काढणं सोपं असतं.’

आधी माझी चूक सांगतो. बेळगाव हा लोकसंख्येनं कर्नाटकातला पहिला जिल्हा, असं मी लिहिलं होतं. ते बरोबर नाही. पहिला आहे तो क्षेत्रफळानं, 13,415 चौरस किलोमीटर. लोकसंख्येत बंगळूर शहर जिल्हा पुढं आहे. आपण दाखवून दिलंत, मी दुरुस्ती केली.

आता ते वाक्य. होय, मी पुण्यात राहतो, 22 वर्षं झाली. पोटासाठी आलो. जन्म खानापूर तालुक्यातला, आणि आजीचं माहेर चंदगड तालुक्यातलं. चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यातच होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला तो एक तालुका मुंबई राज्यात राहिला, कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला, आणि बाकीचा सगळा जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. आजीचं सासर एका राज्यात, माहेर दुसऱ्या. माहेरच्या गावाचं नाव तिनं पुढं घेतलंच नाही, ‘पलीकडं’ म्हणायची. गळा काढलेला मी कधी ऐकला नाही तिचा.

वडिलांच्या जमिनीचा उतारा कानडीत यायचा. तो वाचून घ्यायला ते शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे जायचे, आपल्याच जमिनीवर आपलंच नाव आहे ना, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला. एका कचेरीत मराठीत अर्ज दिला म्हणून तो माझ्यासमोर त्यांच्या हातात परत ठेवला गेला. मी तेव्हा सातवीत होतो. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत मी वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून गेलोय. आपण कुठल्या गावचे, हे आपण लिहिलेलं नाही. नावही नाही. ज्याला स्वतःचं नाव लिहायचं धाडस होत नाही, त्यानं माझा पत्ता विचारू नये.

राहिला हद्दीचा मुद्दा. राज्याची सीमा संसदेशिवाय बदलत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण जिल्हा राज्य सरकार एका अधिसूचनेनं पाडू शकतं, आणि भीती त्याचीच आहे. 1956 ला हा जिल्हा गेला कसा? राज्य पुनर्रचनेच्या फाजलअली आयोगानं मुख्यतः जिल्हा हाच घटक मानला म्हणून. महाराष्ट्र तेव्हापासून खेडं हा घटक धरा म्हणून मागतो आहे. आंध्र आणि मद्रासच्या सीमेचा निवाडा करताना पाटसकरांनी तोच निकष लावला होता. आमच्या वाट्याला तो आला नाही. महाराष्ट्रानं नाकारलेल्या महाजन आयोगानंसुद्धा 1967 मध्ये बेळगाव शहर तिकडंच ठेवून निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावेत म्हटलं. उद्या निपाणी चिकोडी जिल्ह्यात आणि खानापूर बेळगाव जिल्ह्यात गेलं, की आज एकाच जिल्हाधिकाऱ्यासमोर जाणारी मराठी माणसं दोन दारांत उभी राहतील. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात असताना एवढी कसली घाई?

आणि हे भाषेचं गणित मी शोधून काढलेलं नाही. 1997 ला कर्नाटकात सात नवे जिल्हे झाले. बागलकोट, गदग, हावेरी त्यातलेच. चिकोडी आणि गोकाकचीही घोषणा झाली होती, ती मागं घ्यावी लागली, कारण उरलेल्या बेळगावात मराठीचं वजन वाढेल म्हणून कन्नड संघटनांनी विरोध केला. त्यांनी टक्के मोजले तर ती जागरूकता, आणि आम्ही मोजले तर गळा काढणं?

मग विभाजन मराठी माणसाच्या फायद्याचंच झालं की, असं आपण उलट विचारलंत. निपाणी सोडून देऊन होणारा फायदा मला नको. अथणीची खेप आणि प्रांत कचेरी वगैरे गोष्टींवर वाद घालत बसायला मला वेळ नाही. कचेऱ्या तालुक्याला वाढवता येतात, त्यासाठी जिल्हा तोडावा लागत नाही.

पुढं लिहाल तेव्हा नाव आणि गाव घालून लिहा. निपाणी तालुक्यातले असाल तर जरूर लिहा. चिकोडी जिल्ह्यात जायला तुमचं गाव तयार आहे का, ते तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे मला.